क्लच काढला आणि ट्रॅक्टर ताळ्यावर आला

ट्रॅक्टर पुढे जायचा, मागे यायचा नाही. म्हणजे चाकं फिरायची, पण अंगात त्राण नसल्यासारखी. सपाटीवर रिव्हर्स टाकला तर कुरकुरत सरकायचा. मागे जरासा चढ असला की खालून पट्टा किंचाळायचा, जळक्या रबराचा वास यायचा आणि गाडी जागच्या जागी. तोच ट्रॅक्टर पुढच्या दिशेला मात्र मला आणि मागच्या भरलेल्या ट्रॉलीला घेऊन घरामागचा चढ आरामात चढायचा. उतरताना पुन्हा मोकाट सुटायचा. विकणाऱ्याने हे सगळं प्रामाणिकपणे सांगितलं होतं, ‘मोटर म्हातारी झालीय’ असं निदानही केलं होतं आणि त्या हिशोबाने पैसेही कमी केले होते. पण म्हातारी मोटर दिशा बघून थकत नाही. तेवढ्या एका शंकेवर मी तो घेतला.

यंत्र जनरल इलेक्ट्रिकचं, नाव एलेक-ट्रॅक. मी राहतो तो भाग न्यूयॉर्क राज्यात, स्केनेक्टडीच्या जवळ. आणि हा ट्रॅक्टर जन्मला तोही स्केनेक्टडीतच. ब्रूस लॉमाइस्टर या अभियंत्याने तो तिथे उभा केला आणि १९६९ साली तो बाजारात आला. त्याच वर्षी याच गावातल्या अल्को कंपनीने रेल्वे इंजिनं बांधणं थांबवलं. आपल्याकडे वर्षानुवर्षं मालगाड्या ओढणारं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन मुळात अल्कोचं. तर इंजिनांच्या या गावातून निघालेला हा हिरवळ कापायचा ट्रॅक्टर विजेवर चालायचा, आणि तोही लिथियम वगैरे शब्द कुणाच्या कानावर पडण्याआधी. सहा-सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, गोल्फच्या गाडीत असतात तशा, सीरिजमध्ये जोडून ३६ व्होल्ट. एकेक बॅटरी २८ किलोच्या आसपास, म्हणजे नुसत्या बॅटऱ्यांचं वजन पावणेदोनशे किलोच्या घरात जातं. बर्फ ढकलताना हे वजन कामाला येतं. मागच्या चाकांवर वेगळे लोखंडी तुकडे टांगावे लागत नाहीत. गवत कापायच्या डेकमध्ये प्रत्येक पात्याला स्वतःची मोटर आहे, त्यामुळे तिथे पट्ट्यांचं जंजाळ नाही. ३६ व्होल्टच्या प्लगवर चालणारी करवत आणि वेल्डिंगचं यंत्रसुद्धा कंपनी विकायची. १९७०च्या दशकाच्या मध्यात जीईने हा धंदा सोडला. आज जे ट्रॅक्टर चालतात ते हौशी लोकांच्या जिवावर.

माझ्याकडचा मोठ्या चौकटीचा आहे. मोटर, तिच्यापासून मागच्या गिअरबॉक्सला जाणारा पट्टा, गिअरबॉक्सला हातदांड्याने बदलायचे गिअर, आणि वेगासाठी एक वेगळा दांडा. अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल नाही. पुढे-मागे जाणं विजेने होतं, मोटरच उलटी फिरते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायाशी दोन पेडलं होती. एक ब्रेकचं. ते दाबलं की त्याखालचा एक खटका मोटरचा प्रवाह तोडतो आणि मग ब्रेक लागतो. दुसरं पेडल कुणीतरी नंतर बसवलेलं, हे त्याच्या वेल्डिंगवरूनच कळत होतं. खाली वाकून बघितलं तर पट्ट्यावर स्प्रिंगने ओढलेली एक आयडलर पुली. पेडल दाबलं की पुली बाजूला होते, पट्टा ढिला पडतो, मोटर एकटीच फिरते. पेडल सोडलं की स्प्रिंग पुलीला पट्ट्यावर दाबते आणि पट्टा पकडतो. पेट्रोलच्या बागकाम ट्रॅक्टरवर हाच क्लच सर्रास असतो. स्वस्त, सोपा आणि तिथे व्यवस्थित चालणारा.

पेट्रोलच्या इंजिनाला क्लच लागतोच, कारण ते थांबलेल्या अवस्थेतून गाडी उचलू शकत नाही. आधी त्याला फिरत ठेवायचं, मग हळूहळू चाकांशी गाठ घालायची. डीसी मोटरचं उलटं आहे. ती थांबलेली असतानाच तिचा जोर सगळ्यात जास्त असतो, कारण तेव्हा तिच्यात उलटा दाब (फिरणारी मोटर स्वतःच बॅटरीच्या विरुद्ध तयार करते ते व्होल्टेज) तयार झालेला नसतो आणि प्रवाह हवा तेवढा घुसतो. खरं तर हवा त्यापेक्षा जास्तच. मग या मोटरला क्लच हवाच कशाला? मूळ बांधणीत तो नव्हता. मोटरपासून गिअरबॉक्सपर्यंत सरळ पट्टा, बस. कुणाला तरी तो बसवावासा वाटला, तर त्याला काहीतरी कारण असणार. ते कारण सापडल्याशिवाय क्लच काढायचा नाही असं ठरवलं. दुसऱ्याने केलेली जोडकामं आधी समजून घ्यावीत. त्यामागे बहुतेक वेळा एखादं खरं दुखणं असतं.

आधी पट्ट्याचं बघू. कोणत्याही पट्ट्याला एक ताणलेली बाजू असते आणि एक ढिली. चालवणारी पुली ज्या बाजूने पट्टा स्वतःकडे ओढते ती ताणलेली, दुसरी ढिली. स्प्रिंगची आयडलर नेहमी ढिल्या बाजूला लावायची, म्हणजे बेताची स्प्रिंगसुद्धा पुरते. माझ्या ट्रॅक्टरवर ती तशीच लावलेली होती, पुढे जाताना जी बाजू ढिली असते तिथे. आता मोटर उलटी फिरवा. बाजूंची अदलाबदल होते. जिथे आयडलर बसली आहे तीच बाजू ताणली जाते, ताणलेला पट्टा सरळ व्हायला बघतो, बिचाऱ्या स्प्रिंगला मागे ढकलतो आणि दुसऱ्या बाजूला ढिलाई सोडतो. पट्टा घसरतो. जितका जोर लावाल तितका जास्त घसरतो.

पेट्रोलच्या ट्रॅक्टरवर हा प्रश्न येत नाही, कारण इंजिन आयुष्यभर एकाच दिशेने फिरतं आणि रिव्हर्स गिअरबॉक्समध्ये होतो. पट्ट्याला कधी कळतही नाही की गाडी मागे चाललीय.

उतारावर मोकाट सुटण्याचं कारणही तेच. उतारावर चाकं मोटरला फिरवतात, म्हणजे पट्टा ओढणारी पुली गिअरबॉक्सची होते. पुन्हा बाजू बदलल्या, पुन्हा आयडलर मागे सरकली, आणि मोटर जो अडसर घालायला तयार होती तो चाकांपर्यंत पोचलाच नाही. खात्री करून घ्यायला मागची चाकं जॅकवर उचलली, आयडलरच्या कण्याला एक जाड बोल्ट लावून तिला जागेवर जखडलं आणि ब्रेकखालचा खटका तेवढ्यापुरता निकामी करून, रिव्हर्स टाकून ब्रेक हलकेच लावत गेलो. पट्टा हू की चू न करता ओढत राहिला. बोल्ट काढला, पुन्हा तेच, आणि आयडलर डोळ्यांसमोर दोन बोटं मागे सरकताना दिसली. मोटर धडधाकट होती.

आता दुसरा प्रश्न. क्लच बसवला कशासाठी? पुढच्या दिशेला क्लच न दाबता वेगाचा दांडा पहिल्या खाचेत टाकला की ट्रॅक्टर असा काही हिसका द्यायचा की मान मागे जायची. गिअरबॉक्समधून ठण्णकन आवाज. हा हिसका चुकवायला त्या गृहस्थांनी आधी मोटर फिरवायची आणि मग क्लचने गाठ घालायची अशी युक्ती काढली असणार. म्हणजे क्लच हे हिसक्यावरचं औषध. आणि हिसका कशामुळे?

इथे मला नानाकाकांना फोन करावासा वाटला. काका मुंबईत कुर्ला कारशेडला आयुष्यभर होते, १५०० व्होल्ट डीसीच्या लोकलवर. ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली ती हार्बरवर, आणि २०१६मध्ये डीसी शेवटी गेला तोही हार्बरवरूनच. त्या जुन्या लोकलमध्ये मोटरमनच्या हँडलखाली जे घडायचं तेच माझ्या ट्रॅक्टरमध्ये घडतं, फक्त आकार लहान. सुरुवातीला मोटरच्या आर्मेचरशी, म्हणजे तिच्या फिरणाऱ्या भागाशी, सीरिजमध्ये रेझिस्टन्स, म्हणजे प्रवाह आटोक्यात. गाडीने वेग घेतला की कॉन्टॅक्टर (विजेने चालणारे मोठे स्विच) एकेक करून ते रेझिस्टन्स बाद करतात. सगळे बाद झाले की मोटरला पूर्ण दाब मिळतो. आणि त्याहून वेग हवा असेल तर फील्ड, म्हणजे मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र, कमजोर करायचं.

हे शेवटचं कॉलेजात शिकताना मला चक्रावून टाकायचं. चुंबक कमजोर केला तर मोटर जोरात कशी पळेल? पण उलटा दाब हा वेग आणि फील्ड यांच्या गुणाकारावर ठरतो. फील्ड कमी केलं की उलटा दाब पडतो, आर्मेचरमध्ये जास्त प्रवाह शिरतो आणि तो उलटा दाब पुन्हा भरून निघेपर्यंत मोटर वेग वाढवत नेते. मोबदल्यात दर अँपिअरमागे मिळणारा जोर कमी होतो. म्हणून सुटताना फील्ड पूर्णच हवं. लोकलमध्ये त्याला वीक फील्ड म्हणत. ट्रॅक्टरच्या दांड्यावर पहिल्या काही खाचा रेझिस्टन्सच्या आणि पुढच्या सगळ्या वीक फील्डच्या.

काकांना सगळं सांगितलं. व्हिडिओवर सीटखालचा डबाही दाखवला. ते म्हणाले, “पहिल्या नॉचलाच धक्का बसतोय ना? मग पहिला रेझिस्टन्स गाडीत आहे का ते बघ आधी. नसेलच.”

नव्हताच. म्हणजे जागेवर होता, मिश्रधातूच्या पट्टीची वेटोळी सिरॅमिकच्या आधारावर व्यवस्थित बसलेली, पण एका ठिकाणी जळून तुटलेली. आणि तुटलेल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांवरून बोटभर जाडीची केबल टाकून तो सरळ बाद केलेला. पहिली खाच नावाला पहिली होती, प्रत्यक्षात दुसरीच.

आकडे बघितले की हिसक्याचं नवल वाटत नाही. एवढे लहान रेझिस्टन्स साध्या मल्टिमीटरवर मोजता येत नाहीत. मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स तेवढा असतो. त्यासाठी प्रयोगशाळेतला पॉवर सप्लाय लावून बरोबर १० अँपिअर सोडायचे आणि तुकड्याच्या दोन टोकांवर किती व्होल्ट पडतात ते मोजायचे. जळालेल्या वेटोळ्याचे दोन चांगले भाग वेगवेगळे मोजले तर मिळून २ व्होल्ट, म्हणजे ०.२ ओहम. दुसऱ्या वेटोळ्यावर १ व्होल्ट, ०.१ ओहम. आर्मेचर, केबली आणि बॅटऱ्यांचा आतला रेझिस्टन्स मिळून ०.०६च्या आसपास. दोन्ही वेटोळी हजर असताना थांबलेल्या मोटरमध्ये ३६ व्होल्टला १०० अँपिअर जातील. पहिलं बाद केलं की सव्वादोनशे. जोर सव्वादोन पट. आणि दोन्ही नसते तर सहाशे. तेव्हा काहीतरी तुटलंच असतं.

बरं, वेटोळं जळलं का? याचं उत्तर गिअरच्या दांड्यावर होतं. तो सगळ्यात वेगाच्या गिअरमध्ये गंजून अडकलेला होता, कित्येक वर्षं कुणी बदललाच नसावा. म्हणजे हळू जायचं असेल तेव्हा वेगाचा दांडा पहिल्या खाचेवर ठेवून तसंच गवत कापायचं. हे रेझिस्टन्स सुटण्यापुरते असतात, सतत वापरायला नसतात. पहिल्या खाचेत ६० अँपिअर वाहत असतील तर ०.३ ओहमवर १८ व्होल्ट पडतात. बॅटरीतून निघालेल्या वीजेतली निम्मी सीटखाली तापण्यात जाते, किलोवॅटहून जास्त. वर त्या खाचेत वेगाचा भरवसाही नसतो. जरा दाट गवत लागलं की प्रवाह वाढतो, रेझिस्टन्सवर आणखी व्होल्ट पडतात, ट्रॅक्टर रेंगाळतो. गवत संपलं की उसळी मारतो.

हळू जायचं असेल तर लो गिअर टाकायचा आणि वेगाचा दांडा पुढे नेऊन रेझिस्टन्स बाद करायचे. मोटरला पूर्ण दाब मिळतो, ती आपल्या ठरल्या वेगाने फिरते, वेग कमी करण्याचं काम दातेरी चाकं करतात. मला वाटतं या ट्रॅक्टरबद्दल एवढी एकच गोष्ट चालवणाऱ्याला कळायला हवी, आणि पेट्रोलवर वाढलेल्या माणसाला ती सहसा कळत नाही, कारण त्याच्या डोक्यात दांडा म्हणजे थ्रॉटल असतो.

नवीन वेटोळं विकत शोधत बसण्यापेक्षा घरीच केलं. स्टेनलेस स्टीलची विशिष्ट रोधकता तांब्याच्या चाळीसपट. ३०४ जातीची २० मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड पट्टी घेतली तर साडेपाच मीटरला ०.२ ओहम मिळतात. वजन पाऊण-एक किलो. १०० अँपिअर जात असताना त्यात २००० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे पट्टी दर सेकंदाला चार-साडेचार अंशांनी तापते. सुटायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात ती हाताला जेमतेम कोमट होईल. मिनिटभर कुणी तिथेच अडकून राहिला तर मात्र तीनशे अंशांच्या दिशेने निघेल. म्हणून नागमोडी वाकवताना दोन पदरांत बोटभर अंतर ठेवलं आणि आधाराला जुन्याच सिरॅमिकच्या गुंड्या वापरल्या. प्लॅस्टिकचं काहीही जवळपास ठेवलं नाही. टोकांना वेल्डिंग न करता तांब्याचे जाड लग पितळी बोल्टने आवळले, म्हणजे उद्या लांबी कमी-जास्त करता येईल. पट्टी वाकवायला गॅरेजच्या व्हाइसमध्ये एक पाइप पकडून त्याभोवती वळवली. स्टेनलेस हट्टी असतं, सोडलं की थोडं उलगडतं, त्यामुळे हव्या त्या कोनापेक्षा जास्त वळवावं लागतं.

कॉन्टॅक्टर उघडले. टिपा, म्हणजे आत एकमेकींना टेकणारे धातूचे तुकडे, काळ्या पडलेल्या. काकांना कॅमेऱ्यात दाखवल्या तर त्यांचा हात सवयीने कानशीकडे गेला असणार, कारण पहिला सल्ला तोच आला. “घास की बारीक कानशीने. कुर्ल्याला आम्ही रोज हेच करायचो.” मी म्हटलं, “काका, तुमच्या टिपा तांब्याच्या होत्या. या चांदीच्या आहेत.” जरा वेळ शांतता. मग, “मग राहू दे. नुसती पूस.” तांब्यावर जो काळा थर चढतो तो वीज अडवतो, म्हणून तो घासावाच लागतो. चांदीचा काळपटपणा तितका नडत नाही, आणि कानस मारली की महागाची चांदी उडून जाते. एका टिपेवर प्रवाह तुटताना उठलेला डोंगर होता, तेवढा सपाट केला. बाकी स्पिरिटच्या कापडाने पुसून दिलं. मोटरचे कार्बन (ब्रश) अर्ध्याहून जास्त शिल्लक होते, ते ज्यावर घासतात तो कॉम्युटेटर तपकिरी आणि गुळगुळीत. असा रंग असला की तिथे पॉलिश पेपर घेऊन जायचं नाही.

मग क्लच काढला. पेडल, दुवे, स्प्रिंग, सगळं. मोटरच्या पायांना मुळातच लांबट खाचा होत्या. बोल्ट ढिले केले, मोटर पहारीने ओढून पट्टा ताणला आणि आवळून टाकला. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर अर्धा सेंटिमीटर दबेल इतका ताण. त्याहून कमी ठेवला तर रिव्हर्समध्ये घसरतो, जास्त ठेवला तर मोटरच्या बेअरिंगचा जीव जातो. आता ताण दोन्ही बाजूंना सारखा आहे, कुठली बाजू ओढते याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

क्लच नसताना गिअर कसे बदलायचे, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. थांबून बदलायचे. ब्रेक दाबला की प्रवाह तुटतो, मोटर थांबते, गिअर टाकायचा, दांडा शून्यावरून पुन्हा सुरू करायचा. दात समोरासमोर येऊन गिअर बसत नसेल तर ट्रॅक्टर हाताने बोटभर ढकलला की बसतो. चालता चालता बदलायची या गिअरबॉक्सला सोयच नाही, क्लच असो वा नसो. ज्या गृहस्थांनी क्लच बसवला त्यांना वेगाच्या गिअरमधून लोमध्ये आणणारं कुणी भेटलं असतं, तर केबलही पडली नसती आणि पेडलही नाही.

एका गोष्टीची मात्र मला धास्ती होती. अशा मोटरला आर्मेचरमध्ये वीज चालू असताना फील्डची वायर तुटली तर फील्ड जवळजवळ शून्य होतं. कमजोर फील्डने वेग वाढतो हे वर सांगितलंच. शून्याजवळच्या फील्डने तो कुठे जाईल? गाडीला जोडलेली असेल तर आर्मेचर प्रचंड प्रवाह खाऊन फ्यूज उडवेल. पण चाकं जॅकवर असतील किंवा गिअर न्यूट्रलला असेल तर मोटर स्वतःला फाडून घेईपर्यंत पळू शकते. क्लच असताना मोटर एकटी फिरवायची सवय होती, म्हणजे हा धोका तिथे रोजचा होता. यंत्र पन्नास वर्षांचं, फील्डच्या वायरीचे लग हिरवे पडलेले. ते सगळे बदलले आणि त्यावर एक पहारेकरी बसवला. फील्डच्या जाड वायरचे पंचवीसेक वेढे एका रीड स्विचभोवती (चुंबकाच्या ओढीने मिटणारा छोटा स्विच) गुंडाळले. दीड अँपिअर वाहत असला तरी स्विच मिटलेला राहतो. तो उघडला की एक छोटा रिले सुटतो आणि मुख्य कॉन्टॅक्टर पडतो. रीड स्विचने थेट मुख्य कॉन्टॅक्टरची कॉइल तोडायची नाही, ठिणगीने त्याची पाती चिकटतात. फील्डला समांतर एक डायोडही (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) दिला, कारण फील्ड एकदम तोडलं की त्यातून शेकडो व्होल्टचा फटका उसळतो. माझ्या ट्रॅक्टरमध्ये उलटी दिशा आर्मेचरची टोकं बदलून मिळते, फील्डची नाही, म्हणून डायोड लावता येतो. फील्ड उलटं होत असतं तर तोच डायोड शॉर्ट झाला असता.

हे सगळं करत असताना ऑफिसमधल्या एका तरुण सहकाऱ्याने तोंड वाकडं केलं. त्याचं म्हणणं, गोल्फच्या गाडीचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आणून लाव, सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करून तो हवा तेवढाच दाब देतो, रेझिस्टन्स नको, खाचा नकोत. म्हणणं चुकीचं नाही. बऱ्याच जणांनी या ट्रॅक्टरवर तसं केलंय आणि सुटणं लोण्यासारखं मऊ होतं. पण आर्मेचरपुरता साधा कंट्रोलर लावला तर उतारावर मोटरने परत पाठवलेली वीज तो बॅटरीपर्यंत जाऊ देईलच असं नाही, त्यासाठी आर्मेचर आणि फील्ड दोन्ही सांभाळणारा प्रकार हवा. आणि तो बिघडला की मला त्याच्या पोटात हात घालता येणार नाही. पट्टी जळली तर मी दुसरी वाकवीन. बर्फात अडकलेला असताना मला हेच बरं वाटतं.

उतारावरची गंमत आता बघण्यासारखी आहे. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर केबलवर लावून (साधा एसीचा क्लॅम्प इथे काहीच दाखवत नाही) चढावर गेलो. चढताना सत्तर-ऐंशी अँपिअर. माथ्यावरून उतरताना दांडा हळूहळू मागे घेतला, म्हणजे फील्ड वाढवलं. उलटा दाब बॅटरीपेक्षा वर गेला आणि मीटरवर उणे आठ, उणे दहा. ट्रॅक्टर कुणी मागून धरल्यासारखा संथ उतरला, ब्रेकला पाय न लावता. त्याने बॅटरी भरते असं म्हणणं फाजीलपणा होईल, चढताना गेलेल्याच्या मानाने ती चिल्लर आहे. मला कौतुक रोखून धरण्याचं. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: उतारावर घाबरून ब्रेकचं पेडल अर्धवट दाबायचं नाही. अर्ध्या दाबात खटका प्रवाह तोडतो, मोटरचा अडसर जातो आणि ब्रेक अजून लागलेला नसतो. दाबायचा तर पूर्ण दाबायचा. घरात दुसरं कुणी चालवणार असेल त्याला मी हे आधी सांगतो, बाकी सगळं नंतर.

आणि रेझिस्टन्सच्या खाचांतही हा अडसर जवळपास मिळत नाही, कारण परत येणाऱ्या प्रवाहालाही तेच ०.३ ओहम आडवे येतात. म्हणून उतरताना दांडा फील्डच्या खाचांतच ठेवायचा, त्याखाली आणायचा नाही. हळू उतरायचं असेल तर माथ्यावरच थांबून लो गिअर टाकायचा.

पहिल्या बर्फात पुढे फाळका लावून काम केलं. लो गिअर, दांडा रेझिस्टन्सच्या पलीकडे, पुढे ढकलायचं, थांबायचं, मागे यायचं. रिव्हर्समध्ये पट्ट्याचा आवाज नाही. पण दर फेरीला दोनदा सुटावं लागतं, एकदा पुढे, एकदा मागे, त्यामुळे पट्टी भराभर तापत गेली. काम अर्धं झाल्यावर सीट उचलून इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला तर एकशे तीस अंश. जळण्यापासून लांब आहे, पण सीटच्या बुडाला त्याची धग लागते. आता डब्याच्या दोन्ही बाजूंना जाळीची भोकं पाडली आहेत आणि सीटखाली पत्र्याची एक ढाल ठोकली आहे. काढलेला क्लच शेजाऱ्याने त्याच्या पेट्रोलच्या ट्रॅक्टरसाठी नेला. त्याची आयडलर पुली झिजली होती, आणि माझी अगदी त्याच मापाची निघाली.